एका किरणाची प्रभावळ



गणपतीच्या तयारीच्या बैठकीत दरवर्षी एक प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो : मूर्तीमागे काय लावायचे? मूर्ती कोणी ना कोणी भारतातून आणते. समई, घंटा, आरतीचे तबक घरोघरी आहेच. अडते ते मखरापाशी. ते वर्षभर ठेवायला कोणाकडे जागा नाही, हॉल एका दिवसापुरता मिळतो, आणि निम्मी मंडळी स्लोटरडाइक स्टेशनवर उतरून सामान हातात घेऊन चालत येतात. शिवाय नोकरीमुळे आपल्यातली कुटुंबे दोन-चार वर्षांत गाव बदलतात. मखर करणारे गेले की त्यांचे कसबही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून सायकलच्या पिशवीत मावेल आणि ज्याची कृती मंडळाकडे कायम राहील, अशी किरणांची प्रभावळ येथे सुचवीत आहे.

देवामागचे किरण आपल्याला नवे नाहीत. देवघरातली पितळी प्रभावळ सर्वांनी पाहिली आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील देवादिकांची रंगीत चित्रे आणि नंतरची कॅलेंडरे यांनी मूर्तीमागचे तेजोवलय घराघरांत पोचवले. हल्ली तर तेच किरण फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या डोक्यामागेही दिसतात!

इंटरनेटवरून उतरवलेले किरणांचे चित्र मोठे केले की त्याच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, कारण ते ठिपक्यांचे बनलेले असते. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात. त्यात मध्यबिंदू, कोन, लांबी अशी मापे साठवलेली असतात. त्यामुळे तेच चित्र पत्रिकेवर दोन सेंटिमीटरचे आणि भिंतीवर दोन मीटरचे केले, तरी कडा सारखीच स्वच्छ येते. यासाठी इंकस्केप हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. २००३ साली सुरू झालेला हा प्रोग्रॅम फुकट असून विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतो.

आता हिशेब. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, अर्ध्याचे १८०. दर १५ अंशांवर एक किरण ठेवला तर अर्धवर्तुळात दोन्ही टोकांचे धरून १३ किरण बसतात. संख्या विषम असावी, म्हणजे मधला किरण बरोबर मुकुटाच्या मागे उभा राहतो. सम संख्या घेतली तर तेथे फट येते. किरण ७.५ अंश रुंद घ्यावा, म्हणजे किरण आणि मोकळी जागा सारखी दिसते.

कृती अशी :

१. वर्तुळाचे साधन घ्या. एक वर्तुळ काढून वरच्या पट्टीत दोन्ही त्रिज्या ४०० मि.मी. भरा. ‘स्टार्ट’मध्ये ३५६.२५ व ‘एंड’मध्ये ३.७५ लिहा आणि ‘स्लाइस’ निवडा. वर्तुळाचा एक निमुळता काप उरेल. हाच आपला किरण.

२. बाणाच्या साधनाने किरणावर दोनदा क्लिक करा. मध्यभागी एक बारीक फुली दिसेल. ती ओढून किरणाच्या टोकावर नेमकी ठेवा. किरण या फुलीभोवती फिरतो. ती थोडी जरी सरकली तरी सगळे किरण एका बिंदूतून निघत नाहीत, म्हणून ही पायरी घाईने करू नये.

३. ‘एडिट’, ‘क्लोन’, ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ या क्रमाने जा. एक ओळ व १३ स्तंभ घ्या. ‘शिफ्ट’मध्ये प्रत्येक स्तंभासाठी आडवे अंतर उणे १०० टक्के आणि ‘रोटेशन’मध्ये प्रत्येक स्तंभासाठी १५ अंश भरा. प्रभावळ उलटी, खालच्या बाजूला आली तर उणे १५ लिहा.

या पद्धतीची खरी गंमत पुढे आहे. हे तेराही किरण मूळ किरणाच्या सावल्या आहेत. मूळ किरण त्यांच्याखाली तसाच असतो, तो पुसू नये. कोणतीही सावली निवडून ‘शिफ्ट’ आणि ‘डी’ दाबले की मूळ किरण हाती येतो. त्याची रुंदी किंवा रंग बदला, सगळी प्रभावळ क्षणात बदलते. लांब व आखूड किरण एकाआड एक हवे असतील तर ३० अंशांच्या अंतराने सात लांब आणि त्यांच्या मधोमध सहा आखूड ठेवावेत.

पडद्यावर मनासारखे जमले की छापायचा फक्त एक किरण. त्याची लांबी ४० सें.मी., म्हणजे तो ए-३ कागदावर आडवा मावतो. तो साचा पुठ्ठ्यावर ठेवून १३ किरण कापा. टोकाकडचे ६ सें.मी. कापून टाका, कारण तेथे किरण एकमेकांना खेटून नुसता गोळा होतो. पत्रिकेसाठी चित्र झेरॉक्स करणार असाल तरीही मध्ये पांढरे वर्तुळ ठेवा, नाहीतर मधोमध काळा डाग उमटतो. १० सें.मी. त्रिज्येच्या अर्धगोल पुठ्ठ्यावर किरण वेल्क्रोने लावले की साधारण ८० सें.मी. रुंदीची प्रभावळ तयार! कार्यक्रम संपला की किरण काढून एकावर एक ठेवावेत. गठ्ठा वहीपेक्षा फार जाड होत नाही.

रसायनशास्त्राचा माणूस म्हणून दोन शब्द. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. वजनाला हलके, पण जागा खाणारे आणि मातीत न कुजणारे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने त्यावर निर्बंध आणले, त्यात सजावटीचे थर्मोकोलही आले. आपण पुठ्ठाच वापरू या. कोणाला लेझर कटर मिळाला तर पुठ्ठा किंवा प्लायवूड जरूर कापा, पण पीव्हीसीचा पत्रा मात्र कापू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. आणि समई पुठ्ठ्यापासून चांगली हातभर लांब ठेवावी.

शेवटी एक विनंती. फाइल मंडळाकडे देताना तिच्या कोपऱ्यात ‘१३ किरण, १५ अंश, रुंदी ७.५ अंश, लांबी ४० सें.मी.’ एवढी ओळ मराठीत लिहून ठेवावी. प्रोग्रॅम बदलतील, संगणक बदलतील, आपणही कदाचित दुसऱ्या गावी असू. ही चार मापे हाताशी असली तर पुढच्या कुटुंबातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी कंपास आणि कोनमापक घेऊनही हीच प्रभावळ उभी करू शकेल. कापण्याच्या कामाला दहा वर्षांपुढची मुले हवी आहेत. पालकांनी नावे जरूर कळवावीत.