घर विकताना दागिने जपता, मग आजोबांचा दाखला?

वस्तीतलं एक कुटुंब खोली विकायला काढतं. महिनाभर एजंट माणसं आणतो. दागिने आधीच मावशीकडे ठेवलेले असतात. पलंगाखालची जुनी पेटी मात्र तशीच उघडी. आवराआवरीत तिच्यातले कागद रद्दीत जातात. दोन वर्षांनी मुलीच्या जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला लागतो. गावच्या शाळेतलं जुनं रजिस्टर तोवर वाळवीने खाल्लेलं असतं. समाजकार्य करताना असे प्रसंग मी पाहिले आहेत. म्हणून हा लेख.

आपल्यासाठी कागद सोन्याइतकेच मोलाचे का? महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे जातीचे आणि वास्तव्याचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. 1990 साली बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या, पण धर्मांतरापूर्वीची मूळ जात दाखवावी लागते. ती दाखवणारा कागद बहुधा आजोबा-पणजोबांच्या नावाचाच असतो. सोनं पुन्हा घेता येईल. हा कागद गेला तर पुढच्या पिढीची शिष्यवृत्ती आणि प्रवेश अडतो.

गिऱ्हाईक येण्याआधी
जुने दाखले, जातीचं प्रमाणपत्र, वडिलांकडच्या नातेवाइकांची वैधता प्रमाणपत्रं, घराचा मूळ करारनामा आणि सोसायटीचं भाग प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावा. यादी करा, प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून दोन ठिकाणी साठवा. फाइल विश्वासू नातेवाइकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दीक्षेच्या काळातले फोटो, आजीच्या वह्या, बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या जुन्या प्रतीही बाजूला काढा. त्यांची किंमत चोराला कळणार नाही, पण रद्दीवाल्यालाही कळत नाही.

घर दाखवताना
चावी एजंटकडे देऊन निर्धास्त होऊ नका. वेळ ठरवून बोलवा, घरात आपली दोन माणसं असू द्या. येणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर वहीत लिहून घ्या. मोबाइल, पाकीट, जादा चाव्या समोर ठेवू नका. जाहिरातीच्या फोटोत कपाट, तिजोरी किंवा भिंतीवरचं मुलांचं प्रमाणपत्र दिसत नाही ना, ते पाहा.

काही एजंट भिंतीवरची बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर उतरवायला सांगतात, म्हणे "गिऱ्हाईक मागे जातं." दुर्मीळ फोटो सुरक्षिततेसाठी जरूर उतरवा. ओळख लपवण्यासाठी मात्र उतरवू नका.

कागद दाखवताना
सुरुवातीला मूळ कागद फक्त दाखवा, हातात सोडू नका. झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त या घराच्या व्यवहारासाठी", खाली तारीख आणि सही. आधारची प्रत मागितली तर शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. मूळ करारनामा कधी सोपवायचा, हे पैशांच्या टप्प्यांसह वकिलाकडून लेखी ठरवून घ्या.

घर रिकामं करताना
रद्दी काढण्याआधी प्रत्येक पेटी घरातल्या ज्येष्ठांसोबत बसून उघडा. कोणता कागद कशाचा, हे आई-आजीलाच ठाऊक असतं. कागद हरवला तर पोलीस ठाण्यात नोंद करून पोच घ्या. चोरी झाली असेल तर एफआयआर करा. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. घराच्या नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. जुन्या शाळेच्या दाखल्याची तशी खात्री नाही.

तरुण मित्रांनो, घर विकायचं नसलं तरी येत्या रविवारी विहारातून आल्यावर घरातली पेटी उघडा. आजी-आजोबांना विचारा, फोटो काढा, यादी करा. दोन तासांचं काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!