सुटलेलं कॉलेज पुन्हा धरताना

पस्तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायला निघालेल्या माणसाला घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच सांगतात: जिद्द सोडू नकोस. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं, नोकरीच्या पाळ्या हे सगळं सांभाळून ज्यानं प्रवेशाची चौकशी केली, त्याच्याकडे जिद्द असतेच. अशी माणसं गळतात ती भलत्याच ठिकाणी. आधार कार्डावरच्या नावापाशी, गृहपाठाच्या तारखेपाशी, तीन तास पेन धरायची वेळ येते तिथे. कुणाला खरोखर हात द्यायचा असेल तर तो या जागी द्यायला हवा. म्हणून ही वाट पहिल्या पायरीपासून सांगतो.

आधी बघायचं, शिक्षण नेमकं कुठे सुटलं. दहावीच झालेली नसेल, किंवा दहावीनंतर सुटलं असेल, तर महाराष्ट्रात पहिली पायरी म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा हा अर्ज. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण, बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षांचा खंड, अशा त्याच्या अटी. अर्ज ऑनलाइन भरायचा, जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं, तोंडी परीक्षा आणि प्रकल्प तिथेच द्यायचे. प्रमाणपत्र मंडळाचंच मिळतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असली तरी अर्जाची मुदत कित्येक महिने आधी संपते. दिवाळीनंतर विचार करू म्हणणाऱ्याचं वर्ष हमखास जातं. जून-जुलैपासून मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवलेलं बरं.

एका दमात सगळे विषय झेपणार नाहीत असं वाटत असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा दुसरा रस्ता. तिथे नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. मासिक पगारावर राबणाऱ्या बाईला ही सवलत फार मोलाची वाटते.

बारावी हातात असेल तर पदवीचा विचार. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आणि तिथे बी.ए., बी.कॉम. मराठीतून करता येतं. दिल्लीचं इग्नू १९८५चं. मुंबई, पुणे, नागपूर इथे त्याची प्रादेशिक केंद्रं आहेत. मुंबई विद्यापीठानंही १९७१पासून पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, ते आज दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्राच्या नावानं चालतं. नोकरदाराच्या वेळेला वर्ग जुळवून घ्यावेत ही कल्पना त्याहून जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा कामावर जाणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. माझ्या मते खरी मदत ती हीच: माणसाला वेळ बदलायला न सांगता संस्थेनं आपलं वेळापत्रक बदलणं.

लोकांना धास्ती असते की ही पदवी 'बाहेरची', तिला कोण विचारतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. 'मान्यताप्राप्त' या अटीवर मात्र सगळं अवलंबून आहे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालवायला परवानगी आहे त्याची यादी असते. पैसे भरण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाचं नाव त्या यादीत डोळ्यांनी बघावं. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वकिली हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनं चालवायला मुळात परवानगीच नाही. आणि 'एका वर्षात पदवी', 'परीक्षा आम्ही बघून घेतो' असं सांगणाऱ्या दुकानाच्या पायरीवरही चढू नये. फसतात ती बहुधा बढतीसाठी पदवी लागणारी, घाईतली माणसं, आणि पदवी पडताळणीला गेली की पैसा आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात.

आता कागदपत्रं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पाय इथेच अडतात.

२०२४पासून दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आयोगाचा 'डेब आयडी' काढावा लागतो. त्याच्या आधी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं, म्हणजे एबीसी आयडी, आणि ते खातं आधार कार्डाशी जोडलेलं. विशीतल्या मुलाचं हे काम मोबाइलवर बसल्या बसल्या होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं होत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, मध्ये वडिलांचं नाव. आधारवर सासरचं आडनाव, मध्ये नवऱ्याचं नाव. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त. जन्मतारखेच्या जागी आधारवर नुसतं वर्ष. मोबाइल नंबर जुना, त्यामुळे ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. चार एकत्र आल्या की बाई म्हणते, राहू दे, माझ्या नशिबातच नाही.

हे सोडवायचा क्रम असा. पहिल्यांदा आधार केंद्रावर जाऊन चालू मोबाइल नंबर जोडून घ्यायचा आणि जन्मतारीख पूर्ण करून घ्यायची. मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र शोधायचं. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला ते लागतं, आणि काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्र मागतात. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर शाळेत दुय्यम प्रतीसाठी अर्ज करायचा. शाळेचं जनरल रजिस्टर जपलेलं असतं, त्यात आपली नोंद सापडते. प्रवेशाचं वर्ष आणि तुकडी आठवून गेलं तर कारकुनाचं कामही सोपं होतं. गुणपत्रिका हरवली असेल तर अर्ज विभागीय मंडळाकडे. मध्ये बरीच वर्षं गेली असतील तर त्या काळात दुसरीकडे शिकत नव्हतो असं खंड प्रमाणपत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट, काही ठिकाणी मागतात. सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाची परवानगी प्रवेशाआधी घ्या, नंतर बढतीच्या वेळी तोच कागद मागतील. हे सगळं प्रवेशाच्या मुदतीत उरकायला गेलं तर उरकत नाही, दोन-तीन महिने आधी हाती घ्यावं लागतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं दोन रविवार या कामाला दिले, तर आईच्या शिक्षणाला त्याहून मोठी मदत नाही.

पूर्वी कॉलेज अर्धवट सुटलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्रेडिटची ही बँक २०२१ साली सुरू झाली. पंचवीस वर्षांपूर्वीचं एफ.वाय. तिथे आपोआप जमा झालेलं नसतं. जुन्या गुणपत्रिका घेऊन विद्यापीठात समक्ष विचारावं, पण मनाची तयारी पहिल्या वर्षापासून सुरू करायचीच ठेवावी.

प्रवेश घेताना अभ्यासकेंद्र निवडायचं असतं, आणि लोक ते नकाशावर जवळ दिसतं म्हणून निवडतात. मी म्हणेन, आधी एकदा तिथे जाऊन या. मुक्त विद्यापीठाची केंद्रं नेहमीच्या कॉलेजांतच असतात. तिथे एक केंद्रसंयोजक असतो आणि शिकवायला समंत्रक असतात. संपर्कसत्रं बहुधा रविवारी. तिथे शिकणाऱ्या कुणाला तरी गाठून विचारा की रविवारची सत्रं खरंच होतात का, केंद्रसंयोजक फोन उचलतात का, परीक्षेच्या फॉर्मची तारीख कळवतात का. तारखा वेळेवर सांगणारं केंद्र दोन बस बदलून जावं लागलं तरी घ्यावं. मी पाहिलेल्या चांगल्या केंद्रांत संयोजक व्हॉट्सअॅपच्या गटावर प्रत्येक तारीख तीनदा टाकतो, आणि ज्याचा फॉर्म आलेला नाही त्याला स्वतः फोन करतो. हे त्याच्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नसेल, पण पुष्कळ माणसं त्या एका फोनमुळे टिकतात.

पुस्तकं स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात: छोटी प्रकरणं, मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरांच्या दिशा. वाचून कळतं. अडतं ते लिहिताना. इग्नूमध्ये गृहपाठाला साधारण तीस टक्के वजन असतं, तो स्वतःच्या हातानं लिहावा लागतो आणि ठरल्या मुदतीत द्यावा लागतो. दुकानात तयार गृहपाठ विकत मिळतात. ते उतरवून काढणाऱ्याचं नुकसान मार्कांपेक्षा सरावाचं जास्त होतं, कारण वीस वर्षांनी पुन्हा वाक्यं जुळवायला शिकायची जागा तीच.

हाताची गोष्ट वेगळीच. मोबाइलवर लिहायची सवय झालेल्या माणसाला सलग दहा पानं लिहिता येत नाहीत. पहिल्या तासातच अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अक्षर बिघडतं, आणि येत असलेली उत्तरं राहून जातात. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून रोज अर्धा तास पेननं लिहावं. सुरुवातीला पुस्तकातला उतारा उतरवला तरी चालेल. पंधरा दिवसांनी पुस्तक मिटून एका प्रश्नाचं उत्तर, घड्याळ लावून. शेवटच्या महिन्यात दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ बसून सोडवाव्यात. त्या तीन तासांत घरात कुणी हाक मारणार नाही, ही जबाबदारी घरच्यांनी घ्यायची.

आणि एखादा विषय राहिलाच, तर? वर्ष वाया जात नाही. राहिलेल्या विषयाचाच फॉर्म पुन्हा भरायचा. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात आणि तीन वर्षांच्या पदवीला जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. सासऱ्यांच्या आजारपणात एक सत्र पूर्ण बुडालं तरी तेवढ्यात भरून काढता येतं. फक्त पुनर्परीक्षेचा फॉर्म आपोआप येत नाही, तो आपणच भरायचा असतो. म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात केंद्रावर जाऊन पुढची तारीख विचारून घ्यावी.