एका घराण्याची दोन आडनावे

क्वेबेकच्या जुन्या चर्चमधल्या नोंदवह्यांत एकच माणूस दोन आडनावांनी भेटतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, लग्नाच्या नोंदीत दुसरे, तर दफनाच्या नोंदीत दोन्ही जोडून. जोडनावाच्या मध्ये 'दी' हा फ्रेंच शब्द असतो. त्याचा अर्थ 'या नावाने ओळखला जाणारा', म्हणजे मराठी कागदपत्रांतला 'ऊर्फ'. फ्रेंच-कॅनडियन वंशावळ काढायला बसलेला माणूस अनेकदा इथेच पहिल्यांदा अडतो.

ही प्रथा बरीचशी लष्करातून आली. फ्रेंच सैन्यात भरती झालेल्या शिपायाला टोपणनाव मिळत असे. १६६५ मध्ये इरोक्वा या मूळनिवासी लोकांशी लढायला कारिन्यां-सालिएर ही फ्रेंच पलटण क्वेबेकच्या वसाहतीत आली. तिच्या सुमारे १२०० शिपायांपैकी चारशेच्या आसपास तिथेच स्थायिक झाले, आणि शेताबरोबर त्यांची टोपणनावेही मुलांकडे गेली. लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे निश्चिंत, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा, लांजव्हँ म्हणजे आंजू प्रांताचा. काही ऊर्फ नावे जमिनीवरूनही पडली. एकाच गावात एका आडनावाची अनेक घरे असली की अशा नावाची गरज भासेच. पुढे एका भावाने मूळ आडनाव राखले, दुसऱ्याने ऊर्फ उचलले, आणि एकाच रक्ताच्या दोन शाखा कागदावर परक्या झाल्या.

कॅनडाचे पंतप्रधान (१८९६ ते १९११) विल्फ्रिड लॉरिए यांचा सतराव्या शतकातला मूळपुरुष फ्रान्स्वा कोतिनो दी शांलोरिए होता. कोतिनो गळाले, शांलोरिएचे लॉरिए उरले. १९०० मध्ये लेव्ही गावात पहिली सहकारी पतपेढी काढणारे आल्फोन्स देजार्दँ यांचे वडील र्‍वा दी देजार्दँ होते आणि आई मिव्हिल दी देशेन. फक्त 'देजार्दँ' शोधत मागे जाणाऱ्याची वाट काही पिढ्यांतच बंद होते.

म्हणून आडनाव न धरता लग्नाची नोंद धरावी. पाद्री त्या नोंदीत बहुधा वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे लिहीत. स्त्री आयुष्यभर माहेरच्या नावानेच नोंदली जाई, त्यामुळे आईकडची शाखाही वडिलांकडच्या शाखेइतकीच स्पष्ट दिसते. शोधकाला याहून मोठी देणगी नाही. लग्नाआधी नोटरीपुढे झालेला करार मिळाला, तर नातेवाइकांची आणखी नावे हाती लागतात.

नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम सतराव्या शतकातच आला. एक चर्चमध्ये राही, दुसरी न्यायालयात जाई. १६४० च्या आगीत क्वेबेकच्या सुरुवातीच्या वह्या जळाल्या, तेव्हा दुसरी प्रत नव्हती. जुन्या नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहाव्या लागल्या. क्वेबेकमध्ये १९९३ अखेरपर्यंत चर्चच्या या वह्यांना सरकारी नोंदीचाच दर्जा होता.

पहिल्या नावांचाही घोळ आहे. अनेक मुलांच्या नावाआधी जोसेफ आणि मुलींच्या नावाआधी मारी लावत. हाक मात्र वेगळ्याच नावाने मारत. धर्मपित्याचे नाव बाळाला मिळे. मूल दगावले, तर पुढच्या भावंडाला तेच नाव ठेवत. त्यामुळे एकाच जोडप्याला दोन 'पिएर' दिसले की आधी दफनाची नोंद पाहावी.

या जंगलात पहिली मोठी वाट पाडली ती पाद्री सिप्रियां तांग्वे यांनी. त्यांचा सात खंडांचा वंशावळकोश १८७१ ते १८९० या काळात निघाला. त्यात चुका आहेत, तरी एका माणसाने एवढे काम उभे केले हे थक्क करणारे आहे. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाने मूळ वह्यांतल्या नोंदी जुळवून जुनी कुटुंबे नव्याने मांडली.

एकोणिसाव्या शतकात लाखो लोक अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत गेले आणि नावे पुन्हा बदलली. र्‍वाचा किंग झाला, बुआव्हेरचा ग्रीनवुड, लब्लांचा व्हाइट. अशा वेळी गिरणीगावातल्या फ्रेंच चर्चची वही उघडावी. तिथल्या पाद्र्याने लग्न लावताना आईवडिलांची नावे पुष्कळदा फ्रेंचमध्येच लिहून ठेवलेली असतात.