विश्लेषण : सुटे भाग जोडून पूल उभारणाऱ्या शकुंतला भगत कोण होत्या? देशातील ‘पहिल्या’ महिला सिव्हिल इंजिनिअर त्याच का?

तामलवाडी : सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणाऱ्या तामलवाडीला महामार्गाचा आधार आहे. धाराशिव जिल्ह्यातील आतल्या गावांचे तसे नाही. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत भूम, परंडा भागातील अनेक गावांचा संपर्क तुटला. पूल गेला की दवाखाना, शाळा आणि बाजार तिन्ही तुटतात. अवघड ठिकाणी पूल लवकर कसा उभारायचा, याचे एक उत्तर मुंबईतील एका महिला इंजिनिअरने पन्नास वर्षांपूर्वीच शोधले होते.

कोण होत्या शकुंतला भगत?
जन्म १९३३ चा. वडील एस. बी. जोशी हे पूल बांधणीतील नामवंत अभियंते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ मध्ये त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पुढे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आयआयटी मुंबईत अध्यापन केले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा शोध नेमका काय?
पोलादी पुलाच्या सांगाड्यात अनेक पट्ट्या एका बिंदूत येऊन मिळतात. भार एका पट्टीतून दुसरीत जातो तो या सांध्यातूनच. रिव्हेट, बोल्ट किंवा वेल्डिंगने सांधे करायला जागेवर कुशल हात आणि वेळ लागतो. शिवाय प्रत्येक पुलाचे डिझाइन वेगळे. शकुंतला आणि त्यांचे पती, मेकॅनिकल इंजिनिअर अनिरुद्ध भगत यांनी १९६८ मध्ये ‘युनिशिअर कनेक्टर’ हा नवा जोड विकसित केला. ठरावीक मापांचे भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर नेऊन जुळवायचे, अशी ही पद्धत. मुलांच्या मेकॅनोच्या खेळासारखीच! पुलाची लांबी, रुंदी, भार बदलला तरी भाग तेच, फक्त त्यांची संख्या आणि मांडणी बदलते.

पहिला पूल कुठे झाला?
१९७० मध्ये दोघांनी ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली. न वापरलेल्या तंत्राला पाठबळ सहज मिळाले नाही, म्हणून स्वतःचे पैसे घातले. १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात पहिला पूल उभा राहिला. तिथे बर्फामुळे वर्षातले मोजकेच महिने काम करता येते. १९७८ पर्यंत काश्मीर ते अरुणाचल प्रदेश असे ६९ पूल झाले. देश-विदेशांतील एकूण आकडा सुमारे २०० वर गेला.

मग ‘पहिल्या’ त्याच का?
अनेक ठिकाणी तसे लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. पी. के. थ्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज यांनी मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजमधून १९४४ मध्येच सिव्हिलची पदवी घेतली होती. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मुख्य अभियंता झाल्या. म्हणजे भगत यांच्या पदवीच्या नऊ वर्षे आधी ही वाट उघडली होती. यामुळे भगत यांचे मोल कमी होत नाही. त्यांची ओळख पदवीच्या क्रमांकावर नाही, तर स्वतःच्या तंत्रावर उभ्या राहिलेल्या पुलांवर आहे.

असा पूल कुठेही चालेल का?
नाही. सुटे भाग जोडून वरचा सांगाडा झटपट उभा राहतो. खांबांचा पाया किती खोल, पूर कुठवर चढतो, काठाची माती कशी, हे मात्र प्रत्येक ओढ्यावर नव्याने मोजावेच लागते. पुराचे पाणी पुलावरून जात असेल, तर आधी पुलाची उंची वाढवावी लागेल. गावाच्या पुलाची मागणी करताना म्हणूनच दोन प्रश्न विचारायला हवेत : काम किती दिवसांत होणार आणि पुराची पातळी कोणती धरली आहे?