नाण्याएवढ्या कासवाचं दाणापाणी

बुलडाणा, खामगाव, मलकापूरच्या घरांत कुठे काचेच्या भांड्यात पोहणारं हिरवं पिल्लू दिसलं, डोळ्यामागे लाल पट्टा असला, तर ते बहुधा ‘रेड इअर्ड स्लायडर’. मूळ अमेरिकेतलं. आज नाण्याएवढं दिसतं, पण कवच पुढे वीत-सव्वा वीत होतं आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचं. भांडं घेण्याआधी हा हिशेब करावा.

पिल्लू पाण्यातच गिळतं, कारण तोंडात पुरेशी लाळ नसते. लहानपणी त्याला मांसाहार जास्त लागतो: रोज कासवांचं तयार खाद्य, अधूनमधून गांडूळ, लहान मासे. वय वाढेल तसा पाला वाढवावा. पोळीचे तुकडे आणि भात मात्र नकोच!

खरी चूक खाण्यापेक्षा उन्हात होते. अतिनील किरणांशिवाय ‘ड’ जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेआडचं ऊन कुचकामी. कोरडं अंग करून बसायला दगड हवा, शेजारी सावलीही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात उथळ भांडं तापून पिल्लू दगावू शकतं. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. याच कारणाने अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

नदी-धरणातलं देशी कासव किंवा तारा कासव घरी आणणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर पैनगंगेत वा नळगंगेत सोडू नका. ते देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं.