प्राध्यापकांचा ‘इंटरेस्ट ग्रुप’ म्हणजे नेमकं काय? आणि तुमच्या फोनचा त्याच्याशी काय संबंध?

मोठ्या विद्यापीठांच्या वेबसाइटवर जरा खोलात शिरलात तर ‘फॅकल्टी इंटरेस्ट ग्रुप’ असं काहीतरी दिसतं. ‘एआय आणि समाज’, ‘डेटा आणि आरोग्य’, ‘तंत्रज्ञान आणि भाषा’ अशी त्यांची नावं असतात. हा काही विभाग नसतो. त्यात प्रवेश घ्यायचा नसतो, परीक्षा नसते, पदवी तर नाहीच. वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक एकाच विषयाच्या कुतूहलापोटी ठरावीक दिवशी भेटतात आणि बोलतात. बस, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, बोलून काय होतं? प्रश्न बरोबर आहे. माझं मत विचाराल तर असे बरेच गट उद्घाटनाचा फोटो आणि चहा-बिस्किटं यांच्या पुढे जात नाहीत. पण एक गट असा होता की ‘सायबर क्राइम’, ‘सायबर कॅफे’ यांतला ‘सायबर’ हा शब्द त्याच्याच वाटेने आपल्यापर्यंत पोचला. तो समजून घेतला की बाकीचे आपोआप कळतात.

१९३० च्या दशकातलं बोस्टन. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये आर्तुरो रोझेनब्लूएथ नावाचे मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. ते दर महिन्याला एक बैठक भरवायचे. गोल टेबलाभोवती जेवण, भरपूर गप्पा आणि जेवणानंतर कुणीतरी एक जण आपलं काम मांडणार. बहुतेक मंडळी मेडिकल स्कूलमधली तरुण संशोधक होती, पण दारं इतरांनाही उघडी होती. एमआयटीतले (कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली) भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मॅन्युएल वायार्ता तिथे यायचे. ते रोझेनब्लूएथ यांच्याच देशाचे. गणिताचे प्राध्यापक नॉर्बर्ट वीनरही त्यांच्यामुळेच या टेबलावर आले.

बैठकीचा एक अलिखित नियम होता: मांडणाऱ्याची अजिबात गय करायची नाही. राग-लोभ न ठेवता, पण धारदार प्रश्न विचारायचे. अर्धवट कल्पना, फुगवलेला आत्मविश्वास, उगाच वापरलेले जड शब्द, कशालाच माफी नव्हती. ज्यांना हे झेपलं नाही ते पुन्हा आले नाहीत.

वीनर आणि रोझेनब्लूएथ यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. दोन शेतांच्या मधला बांध जसा कुणीच नांगरत नाही, तसं दोन शास्त्रांच्या मधलं रान पडीक राहतं, आणि पीक तिथेच चांगलं येण्यासारखं असतं. त्यासाठी गणितवाल्याला प्रयोगशाळेत बेडूक कापता आला पाहिजे असं नाही. पण डॉक्टर काय करतोय ते कळलं पाहिजे आणि त्यातली चूक दाखवता आली पाहिजे. डॉक्टरचंही तेच.

पेन्सिल उचलताना थरथरणारा हात

मग दुसरं महायुद्ध आलं. विमानं इतकी वेगवान झाली होती की दिसलं तिथे तोफ डागून उपयोग नव्हता. गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढे गेलेलं असायचं. म्हणजे विमान आत्ता कुठे आहे हे नाही, तर थोड्या वेळाने कुठे असेल हे आधी काढायला हवं. हे गणित वीनर आणि ज्युलियन बिगेलो नावाचा इंजिनिअर सोडवत होते.

त्यात एक घोळ होता. यंत्र स्वतःची चूक मोजून ती दुरुस्त करत राहतं, याला फीडबॅक म्हणतात. पण दुरुस्ती जास्त जोरात झाली की यंत्र पलीकडे जातं, मग उलट दुरुस्ती, मग पुन्हा अलीकडे. गीझरच्या नळाशी तुम्ही हे रोज करता: पाणी गार म्हणून गरम नळ सोडला, चटका बसला, बंद केला, पुन्हा गारठलात. पाणी पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण नळ जास्त फिरवून बसतो.

वीनर आणि बिगेलोंना शंका आली की माणसाचं शरीरही असंच चालत असेल. त्यांनी रोझेनब्लूएथ यांना अगदी नेमका प्रश्न विचारला: असा रुग्ण असतो का, की ज्याचा हात एरवी स्थिर असतो, पण पेन्सिल उचलायला गेला की पुढे निघून जातो आणि मग मागे-पुढे हेलकावत राहतो?

उत्तर लगेच मिळालं. हो, असतो. मेंदूच्या मागच्या भागात अनुमस्तिष्क असतं, त्याला इजा झाली की असं होतं, आणि डॉक्टरांना हे लक्षण चांगलं माहीत आहे.

मला या कहाणीतला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. तोफेच्या गणितातला बिघाड आणि न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातलं लक्षण, दोन्ही एकच निघाले. गणितवाल्याला तो रुग्ण कधी दिसला नसता आणि डॉक्टरला ते समीकरण कधी भेटलं नसतं. १९४३ मध्ये तिघांनी मिळून यावर शोधनिबंध लिहिला. गंमत म्हणजे वीनर यांचं ते यंत्र युद्धात प्रत्यक्ष वापरलंच गेलं नाही. पण त्यासाठी केलेल्या गणितातून सिग्नलमधला गोंगाट गाळायची पद्धत मिळाली. ‘वीनर फिल्टर’ या नावाने ती इंजिनिअरिंगला आजही शिकवतात.

१९४८ मध्ये वीनर यांचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं. हा शब्द ग्रीक भाषेतल्या सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या शब्दावरून घेतला होता. आपल्या कोकणातला तांडेल म्हणा ना! होडी डावीकडे गेली की तो सुकाणू उलट वळवतो, म्हणजे फीडबॅकच. पुढे या शब्दाचा पुढचा तुकडा तेवढा तोडून लोकांनी इंटरनेटला चिकटवला.

फोनमध्ये हे पाहायचंय? मंद उजेडात कॅमेरा उघडा आणि जवळची वस्तू धरा. चित्र स्पष्ट होतं, धूसर होतं, पुन्हा स्पष्ट होतं. लेन्स सरकते, सॉफ्टवेअर स्पष्टपणा मोजतं, लेन्स परत सरकते. उजेड कमी असला की मोजमाप नीट मिळत नाही आणि लेन्स मागे-पुढे करत बसते. पेन्सिलवाला हातच तो. ऑटो ब्राइटनेस हाही फीडबॅकचा प्रकार. रील्सची फीडही त्याच कुळातली, फक्त तिथे चूक दुरुस्त होत नाही, उलट वाढत जाते: तुम्ही थांबलात, म्हणून तसंच आणखी दाखवलं, म्हणून आणखी थांबलात. मंडपातला माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी वाजते, तिचं कारणही हेच.

टेबल मोडलं कसं

रोझेनब्लूएथ १९४४ मध्ये मेक्सिकोला परतले. १९४८ पासून वीनर यांनी एमआयटीत स्वतःच्या बैठका सुरू केल्या, दर आठवड्याला, अर्थात जेवणासकट. इंजिनिअर, मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर, तत्त्वज्ञ सगळे यायचे. पुढे एमआयटीचे अध्यक्ष झालेले जेरोम विझनर त्यात होते. सुरुवातीला कुणाला कुणाची भाषा कळेना. मग दर वेळी एकाने आपलं काम थोडक्यात सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्येच अडवायचं, अशी पद्धत पडली आणि हळूहळू कान तयार झाले.

याच वर्तुळात वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स होते. मॅककलक मेंदूचे डॉक्टर, तर पिट्स हा जवळजवळ स्वतःच शिकलेला गणिती पोरगा. १९४३ मध्ये, पिट्स वीस वर्षांचा असताना, दोघांनी मेंदूच्या पेशीचं साधं गणिती रूप मांडलं. तुमच्या फेस अनलॉकमागची न्यूरल नेटवर्क्स त्याच घराण्यातली.

१९५२ मध्ये मॅककलक आणि मंडळी एमआयटीत आली. आता सगळे एका छताखाली. नेमकं तेव्हाच वीनर यांनी त्यांच्याशी अचानक संबंध तोडले. कारण विज्ञानातलं नव्हतं, घरगुती होतं, असं चरित्रकार सांगतात. पिट्स त्यातून सावरला नाही. त्याने आपलं अप्रकाशित लेखन जाळून टाकलं असं त्याचे सहकारी सांगत. १९६९ मध्ये, ४६ व्या वर्षी तो गेला.

म्हणून मी या गटांकडे संस्थेचा लोगो बघून जात नाही. पैसा, इमारत, विभाग सगळं होतं तिथे. दोन माणसं बोलेनाशी झाली आणि एक अख्खी दिशा थंडावली.

तुमच्या विद्यापीठात असा गट असेल तर एकदा मागच्या रांगेत जाऊन बसा. कुणी अडलेला प्रश्न घेऊन आलंय, की सगळे झालेल्या कामाची स्लाइड दाखवताहेत, ते बघा. दुसऱ्या विभागातलं कुणी मध्येच “थांबा, हे मला कळलं नाही” म्हणतं का, तेही ऐका. म्हणत असेल, तर पुढच्या महिन्याची तारीख विचारून घ्या.