नाशिकचा हिरा : इतिहास आणि लोकसमज

जगातील नामांकित हिऱ्यांमध्ये ‘नासक’ नावाच्या हिऱ्याची गणना होते. ‘नासक’ हे नाशिकचेच इंग्रजांनी रूढ केलेले रूप होय. ‘शिवाचा नेत्र’ असेही त्यास म्हटले जाते. देवाच्या डोळ्यातून काढलेले रत्न नेणाऱ्याला लाभत नाही, ही समजूत मग ओघानेच येते. या समजुतीचे मूळ कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणींमधून निघालेला हा हिरा त्र्यंबकेश्वर देवस्थानाचा मानला जातो. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाला आणि १८१८ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीकडे तो विक्रीस गेला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहीर हॅरी विन्स्टन यांच्याकडे आल्यावर त्यास नव्याने पैलू पाडण्यात आले आणि वजन ४३.३८ कॅरट उरले. म्हणजे देवस्थानातील तो हिरा आज त्या आकारात अस्तित्वातच नाही.

आता नेत्राचा प्रश्न. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्ती नाही. तेथील ज्योतिर्लिंग खोलगट असून त्यात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. मग डोळा आला कोठून? ‘त्र्यंबक’ म्हणजे तीन नेत्रांचा. या नामार्थावरूनच परदेशी लेखकांनी ही कथा रचली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. होप आणि ओर्लोव्ह या हिऱ्यांविषयीही मूर्तीच्या डोळ्याची अशीच कथा प्रचलित आहे. विल्की कॉलिन्स यांच्या १८६८ मधील ‘द मूनस्टोन’ या कादंबरीने हा साचा इंग्रजी वाचकांत पक्का केला. कथेत चोर एकटा असतो आणि शासन देव करतो. युद्धात जिंकणारी कंपनी व तिची हिशेबवही मात्र दृष्टीआड राहते.

आपल्याकडील हिऱ्याविषयीचा समज निराळा आहे. तेथे भीती चोरीची नसून दोषाची आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुलक्षणी हिरा विष, वीज व शत्रू यांचे भय निवारतो, तर सदोष हिरा स्वजन, वैभव व आयुष्य यांचा क्षय करतो, असे सांगितले आहे. पुत्रेच्छू स्त्रियांनी हिरा वापरू नये, हे काही जाणकारांचे मतही तेथे नोंदवले आहे. नीलम अंगठीत बसवण्यापूर्वी काही दिवस उशाखाली ठेवून ‘पारखण्याची’ रीत याच विचारपद्धतीतील म्हणावी लागेल. गंमत अशी, की ग्रंथात विषहारक ठरलेला हिरा लोककथेत स्वतःच विष होतो. ‘हिरकणी खाऊन प्राण दिला’ हे वाक्य जुन्या कथा-कादंबऱ्यांतून मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. वस्तुतः हिरा हा शुद्ध कार्बन; जठरातील आम्लाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे त्याचे विष होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.